नऊ पिना आणि दोन दिवे

अगं, प्रोसेसर बसवलास, रॅमच्या पट्ट्या टक् आवाज येईपर्यंत दाबल्यास, एसएमपीएसचा चोवीस पिनांचा जाडजूड कनेक्टर लावलास, आणि आता कॅबिनेटच्या तोंडाकडून आलेल्या चार बारीक वायरींपाशी अडलीस. पहिल्यांदा मशीन जुळवणारी बहुतेक मुलं इथंच अडतात. हजारो रुपयांचा प्रोसेसर बिनधास्त बसवतात आणि दोन-चार रुपयांच्या दिव्याला भितात. या कामात कुठं भ्यायचं आणि कुठं भ्यायचं नाही, एवढंच मला तुला सांगायचं आहे. बुधवार पेठेत ज्या बाकावर मी काम शिकले, तिथल्या उस्तादांनी मला डाग द्यायला शिकवण्याआधी हेच शिकवलं होतं.

पहिली गोष्ट, या वायरी शेवटासाठी ठेवू नकोस. त्यांचा हेडर, म्हणजे त्या जिथं लावायच्या ती पिनांची जागा, बहुतेक बोर्डांवर खालच्या कडेला, उजव्या कोपऱ्यात असतो. ग्राफिक्स कार्ड बसलं आणि हार्ड डिस्कच्या केबली आल्या की तिथं बोटं पोचत नाहीत. मग माणूस अंदाजानं कनेक्टर ढकलतो आणि पिन वाकवून बसतो. बोर्ड स्क्रूंनी पक्का झाला की कार्ड बसवायच्या आधी हे काम उरक. भिंतीवरचं बटण बंद, एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद, मग प्लग सॉकेटमधून काढ. कॅबिनेट आडवं झोपव. टॉर्च वरून नको, बाजूनं धर, म्हणजे बोर्डावरची बारीक अक्षरं उठून दिसतात. टोकाला वाकडा असलेला चिमटा जवळ ठेव. आणि हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा स्पर्श कर. पुण्याच्या पावसाळ्यात याची फारशी गरज भासत नाही, पण तू नागपूरला आहेस. तिथल्या कोरड्या हवेत नायलॉनचा कुर्ता अंगावर असेल तर बोटावर साठलेली स्थिर वीज चिप मारायला पुरेशी असते.

आता हेडर. पाच-पाच पिनांच्या दोन ओळी, आणि त्यातली दहावी पिन मुद्दाम गाळलेली. म्हणून नऊच पिना. ती गाळलेली जागा हीच तुझी खूण; तिच्यावरून दिशा ठरव. इंटेलनं रुळवलेली ही मांडणी आज बहुतेक बोर्डांवर सापडते. विषम आकड्यांच्या ओळीत १ आणि ३ वर हार्ड डिस्कचा दिवा, ५ आणि ७ वर रीसेटचं बटण, ९ वर काही लावायचं नाही. सम आकड्यांच्या ओळीत २ आणि ४ वर पॉवरचा दिवा, ६ आणि ८ वर पॉवरचं बटण, आणि त्यापुढं ती रिकामी जागा. पाठच करायचं तर एवढं कर: दिवे दोन्ही एका टोकाला, बटणं त्यांच्या पुढं, आणि दोन्ही दिव्यांचं प्लस पिन एकच्या बाजूला. म्हणजे १ आणि २ प्लस, ३ आणि ४ मायनस. तरीही मॅन्युअलचं ते पान उघडून समोर ठेवायचंच. जुन्या बोर्डांवर याहून लांब हेडर असायचे आणि त्यांची मांडणी निराळी. कागदी मॅन्युअल हरवलं असेल तर बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घे. दुसऱ्या मॉडेलचं चित्र बघून वायरी लावू नकोस, कंपनी तीच असली तरी.

बटणांना प्लस-मायनस नसतं. बटण म्हणजे दोन वायरी क्षणभर एकमेकींना टेकवणं. कनेक्टर कसाही फिरवलास तरी चालतं. दिव्याला मात्र असतं, कारण एलईडी हा डायोड आहे आणि तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. उलटा लावला तर काय होतं? लागत नाही, एवढंच. बोर्डानं त्या पिनांच्या वाटेत आधीच रेझिस्टर बसवलेला असतो आणि मागं बहुधा पाच व्होल्टच असतात. उलट्या दिशेनं तेवढं सोसायची साध्या एलईडीची तयारी असते. मशीन बंद कर, कनेक्टर उपटून फिरव, परत लाव. काहीही जळत नाही. तुला रात्री झोप येईना ती याच भीतीनं ना? ती आजपासून सोडून दे.

वायरींच्या रंगांबद्दल रिवाज असा की रंगीत वायर प्लस, पांढरी किंवा काळी मायनस. कनेक्टरच्या प्लॅस्टिकवर बारीक त्रिकोण कोरलेला असेल तर तीही बहुतेक वेळा प्लसची बाजू. पण स्वस्त कॅबिनेटमध्ये दोन्ही वायरी काळ्या आलेल्या मी पाहिल्या आहेत. तिथं मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवायचा आणि दोन टोकं कनेक्टरच्या दोन भोकांना लावून बघायचं. लाल टोक प्लसवर असेल तर दिवा मंदसा उजळतो. काही मीटरांत निळा किंवा पांढरा एलईडी पेटवण्याइतका जोर नसतो. तेव्हा २०३२ नंबरचा तीन व्होल्टचा बटण सेल घे आणि क्षणभर टेकव. लाल-हिरवा लगेच लागतो, निळा मिणमिणतो, पण दिशा कळते. असा एक सेल डब्यात जास्तीचा असू दे. बोर्डावरचा घड्याळाचा सेलही बहुतेक तोच असतो.

एक अडचण तुला येणारच आहे, कारण तू वडिलांचं जुनं कॅबिनेट वापरते आहेस. त्याच्या पॉवरच्या दिव्याचा कनेक्टर तीन भोकांचा असेल: दोन टोकांना वायरी आणि मधलं रिकामं. नव्या बोर्डावर त्याच दिव्याच्या पिना एकमेकींना लागून असतात. पिना वाकवून ताणायच्या नाहीत आणि वायरी कापायच्याही नाहीत. कनेक्टरच्या एका अंगाला प्रत्येक भोकापाशी प्लॅस्टिकची इवलीशी जीभ दिसेल. शिवणाच्या सुईनं ती केसभर वर उचल आणि वायर हळूच मागं ओढ. पितळी टोकासकट ती बाहेर येते. मग तीच मधल्या भोकात सरकव आणि जीभ खाली बसली की नाही ते वायर अलगद ओढून बघ. जीभ जोरानं वर केलीस तर ती मोडते आणि ते भोक पुन्हा वायर धरत नाही, म्हणून सुईचा हात हलका ठेव. जीभ मोडलीच तर दोन सुट्या भोकांच्या जंपर वायरी बाजारात मिळतात. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मी त्या जुडीनं घेते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, तुझ्याकडं सीताबर्डीला विचार. पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, एवढं सांगितलंस की दुकानदार नेमक्या काढून देईल.

आता भ्यायच्या जागा. नीट वाच.

त्याच खालच्या कडेला शेजारी यूएसबीचा हेडर असतो. त्याच्याही दोन ओळी, त्याच्याही नऊ पिना. फरक एवढाच की तिथं नववी पिन गाळलेली असते. ऑडिओच्या हेडरवर आठवी. अंधाऱ्या कोपऱ्यात तिन्ही सारखेच दिसतात. दिव्यांच्या हेडरऐवजी यूएसबीच्या हेडरवर १ आणि ३ ला तू डिस्कचा दिवा लावलास तर काय होईल ते बघ. तिथं १ वर थेट पाच व्होल्ट आहेत, वाटेत रेझिस्टर नाही, आणि ३ ही डेटाची पिन आहे, तिचा धागा पुढं चिपसेटपर्यंत जातो. दिवा लागो न लागो, त्याच्यामागं बोर्डाचा एक तुकडा मरू शकतो. म्हणून कनेक्टर दाबण्याआधी बोर्डावरचं नाव मोठ्यानं वाच. एफ पॅनल, पॅनल वन, जे एफ पी वन, कंपनीगणिक नाव वेगळं, पण पॅनलचाच उल्लेख मॅन्युअलमध्ये शोधायचा. उस्ताद आम्हाला नाव तोंडानं म्हणायला लावायचे, आणि शिकाऊ पोरांना मी अजूनही तसंच म्हणायला लावते.

दुसरी जागा रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांची. तुला हिरव्या-निळ्या लाटा हव्या आहेत, हे मला ठाऊक आहे, आणि त्यात काही गैर नाही. पण बोर्डावर त्यांचे हेडर दोन जातींचे असतात. चारही पिना भरलेला हेडर बारा व्होल्टचा; त्यावर सबंध पट्टी एकाच रंगात लागते. तीन पिना आणि मधे एक रिकामी जागा असलेला हेडर पाच व्होल्टचा. त्यातली एक पिन डेटाची असते आणि पट्टीवरच्या प्रत्येक दिव्याला स्वतःची चिप असते. ही पाच व्होल्टची पट्टी बाराच्या हेडरवर लागली की त्या चिपा तत्क्षणी जातात आणि परत येत नाहीत. चांगल्या कनेक्टरांत रिकाम्या जागेचं भोक बुजवलेलं असतं, त्यामुळं चुकीच्या ठिकाणी ते बसतच नाहीत. हलक्या पट्ट्यांचं आणि जोडवायरींचं भोक उघडंच असतं. तेव्हा भोकं मोजून जात ओळखू नकोस. पट्टीवर ५ व्ही की १२ व्ही छापलंय ते बघ, तेच हेडरपाशी बोर्डावर छापलंय का बघ, आणि दोन्ही जुळल्यावरच कनेक्टर लाव. शिवाय पाच व्होल्टच्या हेडरवर साधारण तीन अँपिअरची मर्यादा असते, नेमका आकडा तुझ्या मॅन्युअलमध्ये मिळेल. असा एक दिवा पूर्ण पांढरा लागला तर ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. म्हणजे एका हेडरवर पन्नास दिव्यांपलीकडं जायचं नाही, जास्त हवे असतील तर वीज एसएमपीएसकडून घेणारा वेगळा कंट्रोलर लावायचा.

तिसरी जागा, सुटा एलईडी थेट एसएमपीएसच्या वायरीला जोडणं. बोर्डाच्या हेडरवर रेझिस्टर आहे म्हणून तिथं तू निर्धास्त आहेस. एसएमपीएसच्या पिवळ्या वायरीवर बारा व्होल्ट आहेत आणि तिथं तुला वाचवायला कुणी बसलेलं नाही. लाल एलईडीला दोन व्होल्ट लागतात, उरलेले दहा रेझिस्टरनं खायला हवेत. १००० ओहमचा लावलास तर दहा मिलिअँपिअर वाहतात, पाव वॅटचा साधा रेझिस्टर पुरतो आणि दिवा वर्षानुवर्षं टिकतो. रेझिस्टर एलईडीच्या पायाशी डाग देऊन लाव, वर श्रिंक स्लीव्ह चढव. नुसती चिकटपट्टी गुंडाळू नकोस; कॅबिनेटच्या उष्णतेत तिचा डिंक वितळतो आणि उघडी वायर पत्र्याला टेकते.

आमच्या तरुणपणी भीतीची जागा याहून पुढं, थेट बोटाखाली होती. एटी जातीच्या कॅबिनेटात पुढच्या पॉवर बटणापर्यंत २३० व्होल्टच्या चार वायरी आलेल्या असायच्या आणि त्यांची टोकं चपट्या क्लिपांनी बटणाला खोचलेली असत. क्लिप सैल झाली की पत्र्यात वीज. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्सची मांडणी आणली, तेव्हा ते संकट संपलं. तेव्हापासून बटण बोर्डाला फक्त इशारा देतं आणि बोर्ड एसएमपीएसला उठवतो. त्या जुन्या कॅबिनेटांवर टर्बोचा दिवा असे, किल्लीचं कुलूप असे आणि काहींवर ३३ किंवा ६६ असा मेगाहर्ट्झचा आकडा झळकत असे. गिऱ्हाईक तो आकडा बघून हरखून जायचं. पण तो मोजलेला नसायचा. मागं बारीक जंपर लावून आम्हीच ठरवून द्यायचो. तुझ्या वडिलांच्या कॅबिनेटला टर्बोची वायर लोंबत असेल तर तिला आता काही काम नाही; गुंडाळून टाय लाव, पंख्यात अडकू देऊ नकोस.

एटीएक्समुळं एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. मशीन बंद असलं तरी, एसएमपीएसला वीज आहे तोवर, जांभळ्या वायरीवर पाच व्होल्ट जागे असतात. त्याशिवाय बटणाचा इशारा ऐकणार कोण? पुष्कळ बोर्डांवर याची खूण म्हणून एक बारीकसा दिवा लागलेला असतो. तो लागलेला असताना रॅम काढायची नाही, कार्ड काढायचं नाही, कनेक्टरही हलवायचा नाही. वीज तोडल्यावर पुढचं पॉवर बटण एकदा दाब. साठलेली वीज निघून जाते आणि तो दिवा विझतो. विझलेला बघितल्यावरच हात घाल.

आता दिवे वाचायचे कसे, ते सांगते. स्क्रीन काळा असतो तेव्हा मशीनकडं बोलायला दिव्यांखेरीज फार काही नसतं. बटण दाबलं आणि पॉवरचा दिवाही लागत नाही, पंखाही फिरत नाही, पण बोर्डावरचा तो बारीक दिवा लागलेला आहे: मग एसएमपीएसला दोष देण्याआधी बटणावर संशय घे. ६ आणि ८ वरचा कनेक्टर काढ आणि त्या जागी रीसेटचा लाव. रीसेट दाबल्यावर मशीन उठलं तर पॉवरचं बटण गेलंय, दुसरं काही नाही. नवं बटण मिळेपर्यंत रीसेटवरच काम चालव, वर्षभर चाललं तरी बिघडत नाही. मशीन उठतं आणि चार-पाच सेकंदांत आपोआप मरतं, तेव्हाही बटणच तपास. ते आत दाबलेलं अडकून राहिलं असेल तर बोर्ड समजतो की कुणी जबरदस्तीनं बंद करायला धरून ठेवलंय. कोकणातल्या दमट हवेत गंजलेल्या बटणांचं हे दुखणं माझ्याकडं सारखं येतं, आणि बरेचदा गिऱ्हाईकानं तोवर नवा एसएमपीएस विकत घेतलेला असतो.

पॉवरचा दिवा संथपणे लुकलुकत असेल तर बिघाड नाही, मशीन झोपलंय. स्थिर लागला आहे, पंखे फिरताहेत आणि स्क्रीन काळा, तर बोर्डाच्या वरच्या उजव्या बाजूला चार बारीक दिव्यांची ओळ आहे का बघ. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर ती असते: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. चालू होताना एकेक लागून विझतो. जो लागून तसाच राहील तिथं अडलंय. रॅमचा अडला तर पट्टी काढून पुन्हा बसव, आणि एकच पट्टी लावून बघ. पण नव्या बोर्डावर पहिल्यांदा रॅमची ओळखपाळख व्हायला कधी कधी काही मिनिटं लागतात, त्या वेळात घाबरून बटण दाबू नकोस. तुझ्या बोर्डावर ही ओळ नसेल तर छोटा स्पीकर विकत घे आणि बोर्डावरच्या स्पीकरच्या पिनांवर लाव. त्याच्या शिट्ट्यांचा अर्थ मॅन्युअलमध्ये असतो.

हार्ड डिस्कच्या दिव्याला सगळे कमी लेखतात. माझ्या मते दोघांत तोच मोलाचा. मशीन अडकल्यासारखं वाटलं की त्याच्याकडं बघ. तो फडफडत असेल तर काम चाललंय, थांब. विंडोज अपडेट होताना स्क्रीन हलत नाही म्हणून लोक बटण धरून ठेवतात आणि सगळी घडी विस्कटते. हा दिवा जोडलेला असता तर त्यांना दिसलं असतं की आत लिहिणं सुरू आहे. तुझ्या बाबतीत मात्र एक आहे. तू एम डॉट टू जातीची एनव्हीएमई डिस्क घेतली आहेस. साटाच्या डिस्कांची हालचाल त्या दिव्यापर्यंत पोचवायची सोय चिपसेटमध्येच आहे. एनव्हीएमईच्या सॉकेटमध्ये त्यासाठी वेगळी पिन असते, पण ती दिव्याला जोडायची की नाही हे बोर्ड बनवणाऱ्यावर असतं, आणि काही जण जोडत नाहीत. तेव्हा तुझा तो दिवा कधी लागलाच नाही तर वायर फिरवून फिरवून दमू नकोस. जुनी साटाची एखादी डिस्क जोडून तिच्यावर फाइल कॉपी कर. तेव्हा लुकलुकला तर तुझी वायर बरोबर आहे.

अर्थिंगचं सांगायला हवं. जुन्या वाड्यात आणि भाड्याच्या खोल्यांत तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण वरच्या मोठ्या भोकाला मागं वायरच नसते. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये कॅपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, त्यामुळं अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर वीजपुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, हाताला मुंग्या येतात. मुलं म्हणतात, दिव्याच्या वायरीनं शॉक दिला. दिव्याची वायर निर्दोष असते. टेस्टर पत्र्याला लावून बघ. पेटला तर इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी अर्थिंग ओढून घे आणि मगच मशीन वापर. इथं मात्र जेवढी भीती वाटेल तेवढी वाटू दे.

शेवटचं काम तुझ्या खोलीचं. मशीन पलंगासमोर ठेवणार आहेस आणि कॅबिनेटचा पॉवरचा दिवा निळा आहे. लाल एलईडी १९६२ पासून आहेत, पण झगझगीत निळ्यासाठी तीस वर्षं थांबावं लागलं, आणि ज्या तिघा जपानी शास्त्रज्ञांनी तो शक्य केला, त्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. शोध मोठा, पण झोपायच्या खोलीत तो डोळ्यांत घुसतो. त्यावर काळी पट्टी चिकटवू नकोस, मग तो वाचता येत नाही. प्लसच्या वायरीत मधे २२०० ओहमचा रेझिस्टर जोड. पाच व्होल्टांतले तीनेक एलईडी खातो, उरलेल्यावर जेमतेम एक मिलिअँपिअर वाहतो, आणि हल्लीचे एलईडी तेवढ्यावरही स्पष्ट दिसतात. तरी प्रखर वाटला तर ४७०० ओहम लाव. त्या दिव्याच्या जोडीनं दुसरा लाल एलईडी समांतर जोडायचा विचार असेल तर तो सोड; लाल कमी व्होल्टेजवर लागतो, सगळी वीज तोच ओढतो आणि निळा विझून जातो. डिस्कच्या दिव्याला मात्र रेझिस्टर वाढवू नकोस. त्याची फडफड भर दुपारी खिडकी उघडी असतानाही दिसली पाहिजे.